पाटी, पंगत आणि प्रवेश

बारावीच्या निकालापासून पदवी प्रवेशाच्या शेवटच्या फेरीपर्यंतच्या काळात प्रवेश-समुपदेशकाच्या टेबलासमोर बसणारे पालक टक्केवारी, कटऑफ, फी, शिष्यवृत्ती आणि प्लेसमेंट यांविषयी मोकळेपणाने बोलतात. परंतु महाविद्यालय कोणाचे आहे, तेथे कोणत्या धर्माची मुले अधिक आहेत आणि आपले मूल त्यांच्यात कसे राहील, हा प्रश्न मात्र ते बहुधा उठता उठता, आवाज उतरवून आणि आडवळणाने विचारतात. मालेगावहून आलेल्या वडिलांना मुलीच्या स्कार्फवर कोणी हरकत घेईल का हे हवे असते, सांगलीकडच्या जैन कुटुंबाला मेसमध्ये कांदा-लसणाशिवाय जेवण मिळते का हे हवे असते, परभणीच्या बौद्ध विद्यार्थ्याला वसतिगृहात पहिल्याच दिवशी आडनाव विचारतील का याची धास्ती असते, आणि नावात 'सेंट' असलेल्या महाविद्यालयात मुलाला चर्चमध्ये नेतात का, ही शंका तर बऱ्यापैकी शिकल्या-सवरलेल्या घरांतूनही येते. हा प्रश्न संकुचितपणाचा म्हणून उडवून लावणारा समुपदेशक स्वतःला पुरोगामी समजत असेल, पण त्याच्या हाती पुढची खरी माहिती लागत नाही, कारण पालक मान डोलावून निघून जातात आणि पर्यायांचा फॉर्म घरी बसून नातेवाइकांच्या सल्ल्याने भरतात. प्रश्न ऐकून घेणे, त्यामागची भीती आणि त्यामागची गरज वेगवेगळी करणे आणि दोहोंना तपासता येईल असे उत्तर देणे, हेच या कामाचे स्वरूप आहे.

या भीतीला महाराष्ट्रात जवळजवळ दोनशे वर्षांचा इतिहास आहे आणि तो ठाऊक असला की समोरच्या माणसाविषयी अधीरता वाटत नाही. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी 1832 मध्ये मुंबईत सुरू केलेल्या शाळेतून पुढे विल्सन कॉलेज उभे राहिले. याच शाळेच्या वर्तुळातील दोन पारशी तरुणांनी 1839 मध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा पारशी समाजात एवढी खळबळ माजली की प्रकरण न्यायालयात गेले आणि पालकांनी मुले शाळेतून काढून घेतली. 1843 मध्ये नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि त्याच्या अल्पवयीन भावाचा, श्रीपतचा, ताबा न्यायालयाने वडिलांकडे दिला. त्या मुलाला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावे यासाठी बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले आणि त्यापायी त्यांना स्वतःच्या समाजाचा रोष पत्करावा लागला. पुढे पंडिता रमाबाईंनी 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन काढले व ते पुण्यास नेले, तेव्हा संस्थेत धर्मशिक्षण दिले जाणार नाही या भरवशावर न्यायमूर्ती रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्यासारखी माणसे सल्लागार मंडळात आली होती. रमाबाई आपल्या खोलीत मुलीसह प्रार्थना करीत, खोलीचे दार उघडे असे आणि काही मुली त्या वेळी तेथे येऊन बसत. या उघड्या दाराचा अर्थ काय लावायचा यावरून 1893 मध्ये वाद विकोपाला गेला, सल्लागारांनी राजीनामे दिले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. सक्ती कोणी कोणावर केली नव्हती, हे रमाबाईंचे म्हणणे आणि कोवळ्या वयाच्या, आश्रित मुलींच्या बाबतीत प्रभाव हाही एक प्रकारचा दबाव असतो, हे विरोधकांचे म्हणणे, दोन्ही आज वाचताना निराधार वाटत नाहीत. संस्थेचे लेखी धोरण आणि संस्थेतले प्रत्यक्ष वारे यांतले अंतर त्या दारात उभे होते, आणि आजचे पालक नेमके त्याच अंतराविषयी विचारत असतात.

दरम्यानच्या काळात कायदा मात्र पार बदलला आहे, आणि त्यातली दोन कलमे पालकांना समजावून सांगावीच लागतात. राज्यघटनेच्या अठ्ठाविसाव्या कलमानुसार, पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. आणि राज्याने मान्यता दिलेल्या किंवा अनुदान मिळणाऱ्या कोणत्याही संस्थेत, मग ती कोणत्याही धर्माची असो, विद्यार्थ्याला त्याच्या संमतीशिवाय, आणि तो अज्ञान असल्यास पालकाच्या संमतीशिवाय, धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. तिसाव्या कलमाने धार्मिक तसेच भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापन करण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला आहे. 'अल्पसंख्याक दर्जा' ही जी संज्ञा माहितीपुस्तिकेच्या पहिल्या पानावर छापलेली असते ती या हक्कातून आलेली आहे; तिचा अर्थ संस्थेचे व्यवस्थापन त्या समाजाचे आहे आणि प्रवेशात त्या समाजासाठी काही जागा राखीव आहेत एवढाच असतो, तेथील शिक्षण त्या धर्माचे आहे असा मुळीच नसतो. हा फरक एकदा सांगून भागत नाही. संमतीची गोष्ट तर आणखी सूक्ष्म असते, कारण प्रवेश-अर्जाच्या शेवटी बारीक अक्षरांत 'संस्थेचे सर्व नियम व उपक्रम मान्य आहेत' असे एक हमीपत्र असते, त्यावर पालक आणि विद्यार्थी दोघेही न वाचता सही करतात, आणि वर्षभराने सकाळच्या प्रार्थनेबद्दल किंवा एखाद्या पूजेला उभे राहण्याबद्दल कुरबूर झाली तर हेच पान पुढे केले जाते. म्हणून अनुभवी समुपदेशक फी-पत्रकाच्या आधी हे पान मोठ्याने वाचून घेतो.

दर्जाची पाटी आणि वर्गातली गर्दी यांचा संबंध किती सैल असतो हे जागांच्या हिशेबावरून कळते. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात हिंदू सुमारे 80 टक्के, मुस्लिम साडेअकरा टक्के, बौद्ध पावणेसहा टक्क्यांच्या आसपास, जैन सव्वा टक्का आणि ख्रिस्ती एका टक्क्याच्याही आत होते. अल्पसंख्याक संस्थेत साधारणपणे निम्म्या जागा त्या समाजासाठी ठेवतात, पण एका टक्क्याच्या समाजातून प्रत्येक शाखेला एवढे विद्यार्थी येणार कोठून? परिणामी न भरलेल्या कोट्याच्या जागा खुल्या प्रवेशाकडे वळवल्या जातात. प्रवेशाच्या बोलीत याला 'कोटा सरेंडर करणे' म्हणतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या फेरीनंतर त्या जागांची वाट बघत थांबावे की आधी मिळालेले महाविद्यालय पक्के करावे, हा दरवर्षीचा डोकेफोडीचा विषय असतो. राज्यातील बहुतेक ख्रिस्ती महाविद्यालयांत बहुसंख्य विद्यार्थी ख्रिस्ती नसतात ते याच कारणाने. 1869 मध्ये जेझुइट धर्मगुरूंनी स्थापन केलेल्या मुंबईच्या सेंट झेवियर्सच्या आवारात पाऊल टाकणाऱ्या नव्या विद्यार्थ्याला कमानी, चॅपेल आणि संतांच्या मूर्ती दिसतात खऱ्या, पण त्याच्या बाकावर शेजारी बसणारा गुजराती, मराठी, सिंधी, मुस्लिम, पारशी यांपैकी कोणीही असतो. मुंबईत तर धार्मिकापेक्षा भाषिक अल्पसंख्याक महाविद्यालयांचाच भरणा मोठा आहे. फाळणीनंतर आलेल्या सिंधी समाजाने उभारलेले जयहिंद किंवा के. सी. ही त्यांपैकी जुनी नावे. अल्पसंख्याकत्व राज्य हे एकक धरून ठरवावे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने टी. एम. ए. पै खटल्यात 2002 साली स्पष्ट केले. त्यामुळे मराठी माणूस मुंबईत अल्पसंख्याक ठरत नाही, पण बेळगावात ठरतो, आणि हे ऐकून दादरच्या पालकांच्या चेहऱ्यावर जे उमटते त्याचे वर्णन न करणेच बरे.

विविधतेचा हिशेब येथे एक अवघड वळण घेतो, आणि बहुतेक माहितीपुस्तिका त्या वळणावर गप्प बसतात. पुण्याच्या पी. ए. इनामदार यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी 2005 मध्ये असा निर्णय दिला की विनाअनुदानित खाजगी संस्थांवर राज्याला आरक्षण लादता येणार नाही. त्यावर उपाय म्हणून संसदेने त्र्याण्णवावी घटनादुरुस्ती करून पंधराव्या कलमात पाचवे उपकलम घातले आणि खाजगी संस्थांतही मागासवर्गीयांसाठी प्रवेशाची तरतूद करण्याचा मार्ग मोकळा केला, मात्र तिसाव्या कलमाखालील अल्पसंख्याक संस्थांना त्यातून वगळले. याचा व्यवहारातला अर्थ असा की एखादे महाविद्यालय धर्मांच्या दृष्टीने रंगीबेरंगी असूनही तेथे अनुसूचित जाती-जमातींची, भटक्या-विमुक्तांची मुले शोधावी लागतात. आणि उलट, तालुक्याच्या गावातले एखादे साधे अनुदानित महाविद्यालय, ज्याच्या पत्रकात 'विविधता' हा शब्दही नसतो, तेथे एका वर्गात दहा-बारा जाती, ऊसतोड कामगाराची मुलगी आणि सावकाराचा मुलगा एकत्र बसलेले असतात. धर्माची विविधता आणि जातीची विविधता या दोन गोष्टी एकाच मापाने मोजता येत नाहीत. ज्या पालकांना 'मिसळ' हवी असते त्यांना कोणती मिसळ हवी आहे, हे विचारल्याशिवाय सल्ला देता येत नाही; आणि विचारल्यावर पुष्कळदा असे दिसते की वेगवेगळ्या धर्मांची पण एकाच आर्थिक थरातली, इंग्रजी माध्यमातून आलेली मुले त्यांच्या डोळ्यांसमोर असतात. ती इच्छा गैर नाही, परंतु तिला विविधतेची आवड म्हणणे धाडसाचे होईल.

वर्गापेक्षा वसतिगृह महत्त्वाचे, हा या कामातला सर्वांत पक्का निष्कर्ष. तासाला मुले प्राध्यापकाकडे बघत बसतात. एकमेकांकडे बघण्याची वेळ रात्रीच्या जेवणाला येते, आणि भारतीय माणसाचे सोवळे-ओवळे आजही ताटाभोवतीच घोटाळते. मुंबईच्या आयआयटीत 2023 साली काही वसतिगृहांच्या सामायिक मेसमध्ये सहा टेबले केवळ शाकाहारींसाठी राखून ठेवण्यात आली, त्याचा निषेध म्हणून विद्यार्थी त्या टेबलांवर मांसाहारी जेवण घेऊन बसले आणि त्यांपैकी एकाला दहा हजार रुपये दंड ठोठावला गेला. प्रवेश परीक्षेच्या गुणांनी देशभरातून निवडलेल्या मुलांच्या आवारातही टेबलाचा प्रश्न सुटत नाही, तर जिल्ह्याच्या ठिकाणच्या वसतिगृहात तो आपोआप सुटेल असे मानण्यात अर्थ नाही. यासाठी समुपदेशक पालकांना जो सल्ला देतो तो फार साधा असतो: प्रवेशदिनी, जेव्हा रांगोळ्या काढलेल्या असतात तेव्हा, महाविद्यालय बघू नये, एखाद्या आडवारी रात्री आठच्या सुमारास मेसमध्ये जावे, पैसे भरून एक ताट घ्यावे आणि कोण कोणाशेजारी बसले आहे ते बघावे. भिंतीवरच्या फळ्यावर आठवड्याचे जेवण लिहिलेले असते. त्यात अंडे कोणत्या वारी आहे, ते वाढण्याचे भांडे आणि पळी वेगळी आहे का, रमजानमध्ये पहाटेच्या सहरीसाठी डबा मिळतो का, एकादशीला साबुदाण्याची खिचडी आणि पर्युषणात सूर्यास्तापूर्वीचे जेवण मिळते का, आणि हे सगळे मागणाऱ्याला मेसचालक कोणत्या सुरात उत्तर देतो, एवढ्यावरून त्या आवाराची जी ओळख पटते ती मूल्यांकनाच्या कोणत्याही श्रेणीतून पटत नाही. सणांची यादीही बघावी. गणपती बसतो त्या आवारात ईद-मिलन होते का, बुद्धपौर्णिमेला काही होते का, की त्या दिवशी नेमकी अंतर्गत परीक्षा लागते, हे मागच्या वर्षीच्या वेळापत्रकावरून कळते आणि ते कोणीही मागू शकतो.

एकाच समाजाच्या वसतिगृहात राहावे की सगळ्यांच्या, या प्रश्नावर महाराष्ट्रात दोन थोर उत्तरे झाली आहेत आणि ती परस्परविरोधी वाटली तरी एकाच धाग्यातली आहेत. शाहू महाराजांनी कोल्हापुरात 1901 मध्ये मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले आणि पुढच्या काही वर्षांत दिगंबर जैन, मुस्लिम, लिंगायत अशा अनेक समाजांची वसतिगृहे त्यांच्या आश्रयाने उभी राहिली; अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी 1908 मध्ये मिस क्लार्क वसतिगृह निघाले. जातवार वसतिगृहे काढून महाराजांनी जात पक्की केली, हा आक्षेप तेव्हाही होता, परंतु ज्या मुलाच्या घराण्यात कोणी शहर पाहिलेले नाही, त्याला सर्वांसाठी खुल्या असलेल्या खोलीत टिकून राहणे किती कठीण जाते हे त्यांनी ओळखले होते. याच कोल्हापुरातील जैन वसतिगृहात भाऊराव पाटील शिकायला होते. मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला ते गेले, परतल्यावर शुद्धीची आंघोळ करण्याचे त्यांनी नाकारले आणि त्यांना वसतिगृह सोडावे लागले. पुढे 1919 मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 1924 मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांचे एकत्र वसतिगृह काढले, जेथे मुले एका पंक्तीत जेवत आणि स्वयंपाकही मिळून करीत; 1927 मध्ये महात्मा गांधींनी त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस हे नाव दिले. ज्याला एका समाजाच्या वसतिगृहाने बाहेर काढले त्याने सगळ्यांचे वसतिगृह उभारले आणि त्यावर नाव मात्र जातवार वसतिगृहे काढणाऱ्या राजाचे घातले गेले, यातली संगती प्रवेशाच्या टेबलावर फार उपयोगी पडते. घरातून पहिल्यांदाच बाहेर पडणाऱ्या, भाषेने आणि पैशाने बुजलेल्या मुलाला पहिली दोन वर्षे आपल्या माणसांत काढू द्यावी आणि मग त्याला सामायिक वसतिगृहात हलवावे, असा सल्ला त्यामुळे संकोच न बाळगता देता येतो. तोच सल्ला शहरात वाढलेल्या, आपल्याच सोसायटीतल्या, आपल्याच शाळेतल्या मुलांशिवाय कोणाला न ओळखणाऱ्या मुलाला देणे मात्र त्याचे नुकसान करण्यासारखे आहे.

एखाद्या समाजाचे आवार म्हणजे कर्मकांडाचे आवार, हे समीकरणही तपासून घ्यावे लागते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, 1950 मध्ये सुरू केलेले मिलिंद महाविद्यालय आणि त्याभोवतीचे नागसेनवन यांची नावे बौद्ध परंपरेतली आहेत, पण मराठवाड्यातून तेथे येणाऱ्या विद्यार्थ्याला जे मिळत आले ते मुख्यतः वाचन, वादविवाद आणि 14 एप्रिल, 6 डिसेंबर यांसारख्या दिवसांभोवती घडणारी सार्वजनिक जाण हे होते. त्याच शहरात 1963 पासून मौलाना आझाद महाविद्यालय आहे, रफिक झकेरिया यांनी उभारलेले, आणि त्याच्या रांगेत बुरख्यातल्या मुलींबरोबर बिगरमुस्लिम विद्यार्थीही फॉर्म भरताना दिसतात. बापाने सायकलवर कपडे विकून शिकवलेल्या मुस्लिम मुलीला तिचे घर फक्त अशाच महाविद्यालयात पाठवायला राजी असते, हे समुपदेशकाला माहीत असते. अशा वेळी 'अधिक मिश्र' महाविद्यालयाचा आग्रह धरला तर ती मिश्र महाविद्यालयात न जाता घरी बसण्याचा धोका असतो, म्हणून विविधतेचे तत्त्व बाजूला ठेवून तिचे नाव यादीत चढवणे हेच शहाणपणाचे.

पोशाखाचा प्रश्न अलीकडच्या काही वर्षांत एकदम पुढे आला आहे. कर्नाटक उच्च न्यायालयाने मार्च 2022 मध्ये वर्गातील हिजाबबंदी ग्राह्य धरली, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींत त्यावर मतभेद झाले, आणि हे लोण मुंबईला पोहोचायला वेळ लागला नाही: चेंबूरमधील एका महाविद्यालयाच्या गणवेश-संहितेविरुद्ध विद्यार्थिनी उच्च न्यायालयात गेल्या, जून 2024 मध्ये त्यांची याचिका फेटाळली गेली, आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिजाब, टोपी, बॅज यांवरील बंदीला अंतरिम स्थगिती देताना वर्गात चेहरा झाकणाऱ्या बुरख्याला मुभा दिली नाही. विशेष असे की ही संहिता विद्यार्थिनींनी प्रवेश घेतल्यानंतर लागू झाली होती. म्हणजे प्रवेशाच्या दिवशीची माहितीपुस्तिका कितीही बारकाईने वाचली तरी तीन वर्षांची हमी मिळत नाही. म्हणून नियम बदलण्याची त्या संस्थेची रीत कोणती, आधी विद्यार्थ्यांशी बोलून की थेट सूचनाफलकावर नोटीस लावून, हे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारून घ्यावे लागते. प्राचार्यांना विचारून हे कळत नाही. कँटीनमध्ये चहा घेणाऱ्या मुलांकडून पाच मिनिटांत कळते, आणि मुलगी स्वतः विचारायला गेली तर पालक गेल्यापेक्षा अधिक खरे कळते.

या सगळ्या चौकशीनंतरही एक भाग कोणत्याही महाविद्यालयाच्या हातात नसतो. वसतिगृहातल्या जागा मर्यादित असल्याने पुण्यात पहिले वर्ष संपले की बरीच मुले कॉट बेसिसवर किंवा तिघे-चौघे मिळून फ्लॅट भाड्याने घेण्याच्या मागे लागतात, आणि महाविद्यालयात वर्षभर एकत्र प्रोजेक्ट केलेल्या चार मित्रांना तेथे पहिल्यांदा एजंटकडून ऐकावे लागते की मालकाला आडनावे आधी कळवायची आहेत, घरात मांसमच्छी चालणार नाही आणि 'आपल्यातले' भाडेकरू असतील तर डिपॉझिटचे बघता येईल. मग चौघांपैकी तिघांना सदाशिव पेठेत किंवा कोथरुडात जागा मिळते, चौथा कोंढव्यात किंवा कॅम्पच्या बाजूला एखाद्या नातेवाइकाकडे राहतो आणि रोज दोन बस बदलून तासाला येतो. प्रवेशाच्या वेळी या टप्प्याचा विचार करणारे पालक क्वचित भेटतात. जे करतात ते बहुधा मुस्लिम किंवा दलित कुटुंबांतले असतात, त्यांनी शहराचा तो अनुभव आधी घेतलेला असतो, आणि त्यांचा पहिला प्रश्न कटऑफचा नसून वसतिगृहात तीनही वर्षे जागा मिळते का, हा असतो.